बक्षीस वाटून झालं, मग चूक सापडली

वाचक विचारतात

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजात टीईला (तिसऱ्या वर्षाला) असलेल्या विद्यार्थिनीचं हे पत्र. ओळख पटेल असा तपशील काढून ते थोडक्यात देत आहोत.

“टेकफेस्टमधल्या, म्हणजे कॉलेजच्या तंत्रमहोत्सवातल्या, कोडिंग स्पर्धेची मी विद्यार्थी समन्वयक होते. दोघादोघांचे संघ, तीन तास, सहा प्रश्न. जास्त प्रश्न सोडवणारा संघ पुढे. बरोबरी झाली तर ज्याचा एकूण वेळ (प्रत्येक प्रश्न ज्या मिनिटाला सुटला त्या मिनिटांची बेरीज) कमी तो पुढे. सुटलेल्या प्रश्नावर आधी झालेल्या प्रत्येक चुकीच्या सबमिशनला (तपासायला पाठवलेल्या कोडला) वीस मिनिटं दंड, तोही एकूण वेळात धरायचा. निकाल लागला, बक्षीस समारंभ झाला, विजेत्यांचा फोटो स्थानिक पेपरात आला. त्यानंतर दुसरा नंबर आलेली एसईची (दुसऱ्या वर्षाची) दोन मुलं लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. ‘ई’ प्रश्नाची आमची उत्तराची फाइलच चुकीची होती. एक लाख संख्यांची बेरीज, प्रत्येक संख्या शंभर कोटींपर्यंत; आणि प्रश्न काढणाऱ्या बीईच्या (शेवटच्या वर्षाच्या) दादाने बेरीज ‘इंट’मध्ये, म्हणजे जेमतेम 214 कोटींपर्यंतची संख्या मावणाऱ्या प्रकारात, ठेवली होती. या मुलांचा बरोबर कोड 58 व्या मिनिटाला ‘राँग आन्सर’ ठरला. त्यांनी त्यावर आणखी पाच सबमिशन केली. विजेत्या संघानेही ‘इंट’च वापरला होता, म्हणून त्यांचं चुकीचं उत्तर आमच्या चुकीच्या उत्तराशी जुळलं आणि ‘ॲक्सेप्टेड’ आलं. त्या संघातली एकजण माझी हॉस्टेलची रूममेट आहे. सर म्हणतात, ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम, असं नियमावलीत लिहिलंय. आता उकरून काढू नकोस.’ दादा म्हणतो, माझं नाव कुठे येऊ देऊ नकोस. दोन महिन्यांनी विद्यापीठ पातळीची स्पर्धा आमच्याकडेच आहे आणि तिची नियमावली मलाच लिहायची आहे. मी गप्प बसू का? नाही बसले, तर खरा विजेता कोण म्हणू?”

उत्तर

पत्रासोबत तू स्कोअरबोर्ड आणि नव्या नियमावलीचा मसुदाही पाठवलास, हे फार बरं केलंस. अशा भांडणांत बहुतेक लोक आधी भावना पाठवतात आणि आकडे मागाहून. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते: गप्प बसू नकोस. दुसरा प्रश्न मात्र तुला वाटतो तेवढा सरळ नाही, म्हणून आधी त्याच्याकडे वळू.

तुझ्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. चूक दुरुस्त केली की खरा विजेता आपोआप समोर येईल, असं तुला वाटतंय. तुझ्याच आकड्यांवर ते करून पाहू.

विजेत्यांचे तीन प्रश्न 22, 49 आणि 96 व्या मिनिटाला सुटले आणि ‘ई’ 141 व्या मिनिटाला. पहिल्या तीन प्रश्नांत दोन चुका, म्हणजे चाळीस मिनिटं दंड. चार प्रश्न, एकूण 348 मिनिटं. एसईच्या मुलांचे तीन प्रश्न 31, 47 आणि 120 व्या मिनिटाला सुटले, एक चूक; तीन प्रश्न, 218 मिनिटं. बाकी कुणाचे दोनाहून जास्त सुटले नाहीत.

आता उत्तराची फाइल दुरुस्त करून सगळी सबमिशन पुन्हा तपासली, ज्याला तुम्ही रीजज म्हणता, तर एसईच्या मुलांचा ‘ई’ 58 व्या मिनिटालाच सुटलेला धरला जाईल आणि नंतरची पाच सबमिशन मोजलीच जाणार नाहीत. त्यांचे चार प्रश्न होतील, 276 मिनिटांत. विजेत्यांचा ‘ई’ जाईल आणि त्यांच्याकडे तीन प्रश्न उरतील. म्हणजे एसईची मुलं पहिली. पण दुसरा, तितकाच रूढ उपाय वापरला आणि सदोष प्रश्न सगळ्यांसाठीच रद्द केला, तर दोघांचे तीन-तीन प्रश्न राहतात. विजेत्यांची मिनिटं 207, एसईच्या मुलांची 218. अकरा मिनिटांनी जुनाच संघ पहिला!

एकाच चुकीवरचे दोन प्रामाणिक उपाय, आणि विजेते दोन वेगळे. तुझी अडचण खरी इथे आहे. आकडे समोर आल्यानंतर जो कोणी उपाय निवडेल, त्याने विजेताच निवडला असं म्हटलं जाईल. त्यातून एका संघात तुझी रूममेट. तू कितीही सरळ असलीस तरी ही निवड तू एकटीने करू नयेस.

आणखी खोलात गेलं तर दोन्ही उपाय लंगडे आहेत. रीजज केलं तर विजेत्यांवर अन्याय होतो, कारण 141 व्या मिनिटाला यंत्राने त्यांना ‘ॲक्सेप्टेड’ सांगितलं होतं. त्यावेळी ‘राँग आन्सर’ आलं असतं, तर हातात 39 मिनिटं होती. ‘इंट’च्या जागी ‘लाँग लाँग’ (खूप मोठी संख्या मावणारा प्रकार) लिहायला दोन मिनिटं लागतात. सुचलं असतं की नाही, कोण सांगणार? प्रश्न रद्द केला तर एसईच्या मुलांवर अन्याय होतो. बरोबर उत्तर हातात असताना ती एका सदोष प्रश्नावर झगडत राहिली आणि त्यांचा पुढचा प्रश्न 120 व्या मिनिटापर्यंत लांबला. त्या अकरा मिनिटांच्या फरकाला मग काय अर्थ? वाया गेलेला वेळ कुठल्याही रीजजने परत देता येत नाही.

म्हणून माझं मत असं: संयुक्त प्रथम क्रमांक. विजेत्यांचं बक्षीस, प्रमाणपत्र, फोटो, काहीही परत घ्यायचं नाही. त्यांनी फसवणूक केलेली नाही. तुमच्या यंत्राने सांगितलं त्यावर विश्वास ठेवला, एवढंच. एसईच्या मुलांना पहिल्या क्रमांकाचं नवीन प्रमाणपत्र आणि दोन बक्षिसांमधल्या फरकाची रक्कम द्यायची. ती रक्कम समितीने उभी करायची, मुलांकडून नाही. आणि या दोन संघांच्या गडबडीत ज्यांना सगळे विसरतील त्यांचं काय? पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘ई’ बरोबर सोडवणारे जे संघ असतील, त्यांचा प्रश्न सुधारित तक्त्यात सुटलेला दिसला पाहिजे. त्यांना बक्षीस मिळणार नाही, पण आपला कोड बरोबर होता हे त्यांना कळायला हवं. पायथॉनमध्ये पूर्णांकाला 214 कोटींची भिंत नसते, त्यामुळे त्यांचं उत्तर तुमच्या फाइलशी जुळणं शक्यच नव्हतं. स्पर्धा चालू असताना कुणी भाषावार नजर टाकली असती, तर पायथॉनवाले सगळेच्या सगळे एकाच प्रश्नावर अडकलेत हे दिसलं असतं. पुढच्या वेळी तुमच्यातला एकजण फक्त याच कामाला बसव.

आता सरांकडे येऊ. त्यांना भित्रं ठरवायची घाई करू नकोस. त्यांची भीती खोटी नाही. एक निकाल उघडला की मागच्या वर्षीचे, त्याच्या मागच्या वर्षीचे सगळे रुसलेले संघ दारात उभे राहतात. ‘परीक्षकांचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील’ हे वाक्य त्यासाठीच असतं. पण हे वाक्य आपल्याकडे आलं कुठून, ते बघ. वक्तृत्व, निबंध, एकांकिका. 2022 मध्ये पुण्यात पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी त्या वर्षी करंडक कुणालाच दिला नाही. केवढी चर्चा झाली! पण तो निर्णय अभिरुचीचा होता. पटला नाही तरी कॅल्क्युलेटरवर खोटा ठरवता येणारा नव्हता. तुमची बेरीज खोटी ठरवता येते, आणि ती एसईच्या दोन मुलांनी ठरवलीही. नाटकाच्या स्पर्धेचं वाक्य बेरजेच्या स्पर्धेला जसंच्या तसं चिकटवलं की हे असं होतं.

सर म्हणतील, मोठ्या स्पर्धांतही निर्णय अंतिमच असतो. खरं आहे. आयसीपीसी ही विद्यापीठांची जागतिक स्पर्धा. तिघांचा संघ, एक संगणक, पाच तास. तुमचा वीस मिनिटांचा दंडही तिथलाच. तिथेही परीक्षकांचा शब्द शेवटचा असतो. पण त्याच नियमांत हेही आहे की प्रश्नात संदिग्धता किंवा चूक आहे असं स्पर्धक लेखी कळवू शकतो, आणि परीक्षकांना ते पटलं तर खुलासा सगळ्या संघांना एकदम दिला जातो. अंतिम फेरीत शेवटच्या तासाला स्कोअरबोर्ड गोठवतात, म्हणजे त्यावर नवे निकाल दाखवत नाहीत. प्रेक्षकांची उत्सुकता टिकते हे खरंच. शिवाय निकाल जाहीर होण्याआधी परीक्षकांना तो शांतपणे तपासून घ्यायला थोडी उसंतही मिळते. कोडफोर्सेस या कोडिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावर एखाद्या फेरीत गंभीर घोळ झाला, तर ती फेरी रेटिंगसाठी धरायचीच नाही असं जाहीर करतात. एवढ्या मोठ्या व्यासपीठाला ‘आमचं चुकलं’ म्हणता येतं, तर टेकफेस्टला का येऊ नये?

सरांना भेटताना वाद घालायला जाऊ नकोस, एक पानाचा कागद घेऊन जा. त्यावर चूक दोन ओळींत, मग तीन तक्ते (आहे तो निकाल, रीजज केल्यावरचा, प्रश्न रद्द केल्यावरचा), आणि खाली संयुक्त क्रमांकाचा प्रस्ताव. शेवटी एक ओळ सरांच्या भीतीसाठी: ‘हा फेरविचार लेखी पुराव्यासह आलेल्या याच एका तक्रारीपुरता असून स्पर्धेचा निकाल यानंतर बंद समजण्यात येईल.’ त्यांना दार किलकिलं करायला सांग, सताड उघडायला नको. आणि विद्यापीठाची स्पर्धा तोंडावर आहे, हाच तुझा सगळ्यात भक्कम मुद्दा. बाहेरून येणाऱ्या संघांनी ही गोष्ट एसईच्या मुलांच्या तोंडून ऐकावी की कॉलेजच्या नोटिशीतून वाचावी, एवढंच विचार.

दादाचं नाव नोटिशीत नको, या बाबतीत मी त्याच्या बाजूने आहे. त्याला वाचवायचं म्हणून नव्हे, तर चूक त्याच्या एकट्याची नाही म्हणून. ‘इंट’ कुणाच्याही हातून पडतो. दुसऱ्या कुणीही तो प्रश्न स्वतंत्रपणे सोडवून पाहिला नाही, ही समितीची चूक. नोटिशीत ‘समितीच्या तपासणीत राहिलेली त्रुटी’ असं लिहा.

सर तरीही नाही म्हणाले तर? मग तुझा तो कागद समितीकडे लेखी दे आणि त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेव. एसईच्या मुलांना भेटून, आणि शक्य असेल तर मेलवर, सांग की त्यांचं उत्तर बरोबर होतं आणि समितीची फाइल चुकीची होती. एवढं सांगायला तुला कुणाची परवानगी लागत नाही. इन्स्टाग्रामवर किंवा कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र काही टाकू नकोस. तिथे बेरजेची चर्चा होणार नाही; तुझी, दादाची आणि तुझ्या रूममेटची होईल.

आता दोन महिन्यांनंतरच्या नियमावलीकडे. याविषयी पत्रं बरीच येतात. कुणी समन्वयक असतं, कुणी नुकतेच रुजू झालेले सहायक प्राध्यापक, ज्यांच्या गळ्यात हे काम पडलेलं असतं. त्यामुळे इथे जरा सविस्तर.

पहिली गोष्ट नियमावलीत लिहायची नसतेच, ती आधीच करायची असते. प्रत्येक प्रश्न, तो ज्याने काढला त्याच्याशिवाय किमान आणखी एकाने, कोड न बघता, फक्त प्रश्न वाचून सोडवायचा. शक्यतो वेगळ्या भाषेत. तुमच्या ‘ई’ला कुणी पायथॉनमध्ये हात लावला असता, तर दोन उत्तरं आदल्या दिवशीच वेगळी आली असती. इनपुट दिलेल्या मर्यादेत बसतं का, हे तपासणारा छोटा प्रोग्रॅमही हवा. आणि सगळ्यात मोठ्या मर्यादेची टेस्ट केस (कोड तपासायला दिलेलं इनपुट आणि त्याचं उत्तर) हवीच. वेळेची मर्यादा ठरवतानाही हेच धोरण ठेव: सी++मधल्या सगळ्यात चपळ कोडवर ती बेतली तर जावा आणि पायथॉनवाल्यांवर अन्याय होतो. परीक्षकांच्या सगळ्या उत्तरांपैकी सर्वांत हळू जे असेल, त्याच्याहून मर्यादा बरीच सैल ठेवायची. हे सगळं चालवायला डोमजजसारखं फुकट उपलब्ध सॉफ्टवेअर आहे; त्यात रीजज होतं आणि त्याची नोंदही राहते.

दुसरी गोष्ट, निकालाचे दोन टप्पे ठेव. स्पर्धा संपताच जाहीर होतो तो ‘तात्पुरता निकाल’. त्यानंतर ठरलेल्या वेळेत लेखी हरकत घ्यायची. किती वेळ? त्याच दिवशी समारंभ असेल तर एक तास पुरेसा, पण तेवढ्या वेळात टेस्ट केस संघांना बघायला मिळाल्या पाहिजेत. टेस्ट केस लपवून हरकती मागवणं हा नुसता देखावा झाला. मुदत संपली की निकाल अंतिम, आणि ते वाक्य खुशाल ठळक अक्षरांत छापा. आता त्याला आधार आहे.

तिसरी गोष्ट या पत्राने मला पुन्हा पटवली: प्रश्न सदोष निघाला तर काय करायचं, हे कुठलाही स्कोअर दिसण्याआधी नियमात लिहून टाका. माझं मत विचारशील तर, चूक स्पर्धा चालू असताना कळली तर लगेच सगळ्यांना सांगायची, रीजज करायचं आणि सगळ्यांना सारखा वाढीव वेळ द्यायचा. नंतर कळली आणि तिच्यामुळे पहिल्या तीन क्रमांकांत फरक पडत असेल, तर संयुक्त क्रमांक. कुणाला दुसरं काही पटेल, ते लिहावं. नियम कोणता यापेक्षा तो आधी लिहिलेला असणं महत्त्वाचं.

प्रश्न बघितलेल्यांची यादी ठेव. त्यातल्या कुणाचाही रूममेट, भाऊ-बहीण किंवा प्रोजेक्टमधला जोडीदार स्पर्धेत असेल, तर ते आधीच जाहीर करायचं आणि त्या व्यक्तीने हरकतींच्या निर्णयात बसायचं नाही. तुझ्या बाबतीत हा नियम असता, तर आज तुझी निम्मी झोप उडाली नसती.

नक्कल आणि एआय यांवरचे नियम लिहिताना लोक पानंच्या पानं भरतात. मी दोन ओळी लिहीन. प्रत्यक्ष लॅबमधली फेरी: इंटरनेट बंद, फोन बाहेर, छापील नोंदी चालतील, आयसीपीसीच्या अंतिम फेरीतही 25 पानांपर्यंतचं छापील संदर्भपत्र चालतं. घरून होणारी ऑनलाइन फेरी मात्र फक्त गाळणी म्हणून ठेवा, बक्षीस तिच्यावर देऊ नका. सप्टेंबर 2025 मध्ये बाकूला आयसीपीसीच्या अंतिम फेरीचे 12 पैकी 12 प्रश्न ओपनएआयच्या प्रणालीने सोडवले. माणसांच्या पहिल्या संघाचे 11 सुटले. अशा काळात घरी एकट्याने बसून सोडवलेल्या प्रश्नाला बक्षीस देणं म्हणजे कुणाकडे कुठलं सबस्क्रिप्शन आहे ते मोजणं. दोन कोड सारखे आहेत का हे बघायला स्टॅनफर्डचं मॉस 1994 पासून आहे, पण ते फक्त साम्य दाखवतं. छोट्या प्रश्नांची बरोबर उत्तरं एकमेकांसारखी असणारच. दोघांना वेगवेगळं बसवून त्यांचाच कोड समजावून सांगायला लावा; पाच मिनिटांत खरं काय ते कळतं.

तुमच्या मसुद्यात ‘कोडच्या सुबकतेसाठी 10 गुण परीक्षकांच्या मर्जीनुसार’ असंही कलम दिसलं. ते काढ. हॅकेथॉनमध्ये, म्हणजे प्रकल्प बनवायच्या स्पर्धेत, ते शोभतं. तिथे मुळात माणसंच परीक्षण करतात. तीन तासांच्या कोडिंग स्पर्धेत कुणी सुबक लिहीत नाही, आणि 10 गुणांच्या मर्जीवर उरलेली सगळी अचूकता वाहून जाते.

हे वाचणाऱ्या स्पर्धकांनाही एक सांगते. आपलं उत्तर बरोबर आहे अशी खात्री असेल, तर ‘अन्याय झाला’ असं लिहू नका. ‘या इनपुटला तुमची फाइल हे उत्तर देते, हाताने केलेली बेरीज ही येते’ असं लिहा. आणि तेही पाचवं सबमिशन करायच्या आधी, स्पर्धा चालू असतानाच. दोन सबमिशन फसली आणि कोडमध्ये काही सापडत नसेल, तर क्लॅरिफिकेशन, म्हणजे परीक्षकांकडे लेखी खुलासा, विचारायला काहीच हरकत नाही. त्याला दंड नसतो. एसईच्या मुलांनी ते केलं नाही, पण त्यांच्याकडून ती अपेक्षा तरी कशी करणार? क्लॅरिफिकेशन कसं मागायचं, याची एक ओळही तुमच्या नियमावलीत नव्हती.

राहिली तुझी रूममेट. तिला परवानगी मागू नकोस, पण नोटीस लागायच्या आधी तुझ्याच तोंडून कळू दे. तिचा कोड आणि ‘ई’ची मोठी टेस्ट केस तिच्यासमोर ठेव, ‘इंट’ कुठे आहे ते तिला लगेच दिसेल. तिचं बक्षीस तिच्याकडेच राहणार आहे, हे आधी सांग, बाकीचं नंतर. ती चिडली, तर दोन-चार दिवस चिडू दे. तिने ‘तू कुणाच्या बाजूची?’ असं विचारलं, तर तीन तक्त्यांचा तोच कागद तिलाही दाखव, आणि त्यातला कुठला तक्ता तिला बरोबर वाटतो ते विचार.